बोल्टचे आटे गेले: जुन्या गाडीतलं भोक पुन्हा आटे धरेल असं कसं करायचं

प्रश्न असा आहे. १९६०च्या दशकातली ब्रिटिश गाडी, ॲल्युमिनियमचं सिलिंडर हेड, त्यावर तीन बोल्टांनी धरलेलं थर्मोस्टॅटचं झाकण. त्यातला एक ५/१६ इंची बोल्ट आवळताना अचानक हलका झाला आणि आता नुसता फिरतो. बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक तार गुंडाळून आली. हेलिकॉइल (भोकात बसणारी, आतून नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवावी, भोक मोठं करून जाड बोल्ट घालावा, की मेटल एपॉक्सी भरून पुन्हा आटे पाडावेत?

हेलिकॉइल बसवा, किंवा बाजूला धातू पुरेसा असेल तर भरीव बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली नळी. एपॉक्सी इथे चालणार नाही. जाड बोल्ट हा शेवटचा उपाय. पण ड्रिल हातात घेण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: मूळ आटा नेमका कोणता होता आणि तो का गेला. कॉइल बसवायचं काम पाच मिनिटांचं आहे. दुरुस्त्या फसतात त्या चुकीच्या आट्याचं किट आणल्यामुळे किंवा भोक तिरकं गेल्यामुळे.

बोल्टवर आलेली ती तार फेकू नका. तो तुमच्या हेडचा आटाच आहे, सगळाच्या सगळा सोलून निघालेला. ती अलगद उलगडा आणि वेढे मोजा. २४ आटे प्रति इंच असेल तर एक वेढा म्हणजे साधारण १.०६ मिमी. पाच वेढे निघाले तर बोल्ट जेमतेम सव्वापाच मिमी खोल धरून होता. ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट, म्हणजे ५/१६ साठी १२ ते १६ मिमी पकड हवी. बिडात सव्वा ते दीडपट चालते, पोलादात एकपट. याचा अर्थ तुमचा बोल्ट आधीपासूनच आखूड होता. कोणीतरी कधीतरी दुसरीकडचा बोल्ट लावला असेल किंवा खाली जाड वॉशर घातला असेल.

म्हणून पहिली तपासणी फुकटची आहे. व्हर्नियरची मागची दांडी भोकात घालून खोली मोजा आणि टॉर्च मारून आत बघा. वरचे पाच-सहा आटे गेलेत पण खाली सात-आठ आटे शाबूत आहेत असं दिसलं, तर योग्य लांबीचा बोल्ट घालून काम संपू शकतं. लांबीचा हिशेब करताना झाकणाच्या फ्लँजची जाडी, पॅकिंग, वॉशर आणि भोकाची खोली यांची बेरीज करा आणि त्यातून किमान २ मिमी वजा करा. बोल्ट तळाला टेकला तर पाना जड लागतो, टॉर्क रेंचही क्लिक करतो, पण झाकण मात्र दाबलं गेलेलं नसतं. झाकणासारख्या हलक्या जागी खालचे सात-आठ आटे पुरतात. जोर घेणाऱ्या जागी, म्हणजे इंजिन माउंटिंग, अल्टरनेटरचा ब्रॅकेट किंवा हेड स्टड (हेड धरणारे, दोन्ही टोकांना आटे असलेले बिनडोक्याचे बोल्ट), इथे यावर समाधान मानू नका.

आता आटा ओळखणं. जुन्या ब्रिटिश गाडीत हा भाग सर्वांत जास्त फसवतो. व्हिटवर्थ आणि बीएसएफ हे जुने ब्रिटिश आटे ५५ अंशांचे, यूएनसी आणि यूएनएफ हे युनिफाइड आटे आणि मेट्रिक ६० अंशांचे. ५/१६ इंचात यूएनएफचे २४ आटे प्रति इंच, बीएसएफचे २२, यूएनसी आणि व्हिटवर्थचे १८. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस युनिफाइड आटे मान्य केले आणि ब्रिटिश कारखाने त्यानंतर हळूहळू तिकडे वळले. त्यामुळे एकाच गाडीत इंजिन यूएनएफ, कार्ब्युरेटर आणि इलेक्ट्रिकच्या वस्तू मात्र बीएसएफ किंवा बीए (छोट्या स्क्रूंचा जुना ब्रिटिश आटा), अशी सरमिसळ सर्रास सापडते. बोल्टच्या डोक्यावर गोल खळगा असेल किंवा षटकोनाच्या बाजूंवर एकमेकांना लागून कोरलेली वर्तुळं असतील तर तो युनिफाइड. ५/१६ यूएनएफच्या डोक्याला अर्धा इंची एएफ (म्हणजे समोरासमोरच्या बाजूंमधलं माप) पाना बसतो, बीएसएफचं डोकं ०.५२५ इंच असतं, त्यावर तो पाना चढतच नाही.

पण नुसत्या डोक्यावरून आटा ठरवू नका. एमजीच्या टी मालिकेतल्या एक्सपीएजी इंजिनात आटे मेट्रिक आहेत आणि डोकी व्हिटवर्थच्या मापाची. तिथला ८ मिमी बोल्ट १ मिमी पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) आहे, म्हणजे २५.४ आटे प्रति इंच. ५/१६ यूएनएफच्या इतका जवळ की दोन-तीन वेढे बोटांनी जातो आणि मग अडतो. तिथे पान्याने जोर लावला की भोक गेलं. १/२ इंचाला व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३ आटे असतात, तिथेही हेच होतं. मेट्रिक गाड्यांतही सावध राहा. जपानी गाड्यांत १० मिमी बोल्ट बहुतेक १.२५ पिचचा असतो, जर्मन गाड्यांत बहुतेक १.५ चा.

मोजायचं ते शेजारच्या चांगल्या बोल्टवरून. जो बोल्ट सुटला तोच चुकीचा असण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून त्याच्यावर विश्वास नको. पिच गेजचं पान आट्यांत बसवून उजेडासमोर धरा. खालून उजेडाची रेघ दिसता कामा नये. २२ आणि २४ मधला फरक दोन-चार आट्यांत कळत नाही, किमान दहा-बारा आट्यांवर गेज ठेवा. शेजारचा चांगला बोल्ट त्याच्या भोकात बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. मग त्याच मापाचं किट आणा. हेलिकॉइलची किट बीएसएफ आणि व्हिटवर्थ मापांतही मिळतात. बाजारात सहज मिळतं म्हणून ५/१६ च्या भोकात एम८ (८ मिमी मेट्रिक) ची कॉइल घालण्याचा मोह टाळा. दुरुस्ती टिकेल, पण पुढच्या वेळी झाकण उघडणारा तिन्ही बोल्ट एकत्र ठेवील आणि चुकीचा बोल्ट चुकीच्या भोकात रेटेल.

आटे का गेले, हे शोधल्याशिवाय नवीन आटेही जातील. थर्मोस्टॅटच्या झाकणात बहुतेक वेळा एकच साखळी असते. झाकणाची फ्लँज वाकलेली, म्हणून पाणी झिरपतं, म्हणून बोल्ट अजून आवळला जातो, त्याने फ्लँज अजून वाकते. जाड काचेवर ३२० नंबरचा पॉलिश पेपर पसरा, झाकण त्यावर आठच्या आकारात दहा-वीस वेळा फिरवा आणि बघा. बोल्टच्या भोकांभोवतीच चकाकी आली आणि मधला भाग काळा राहिला, तर झाकण वाकलेलं आहे. सपाट होईपर्यंत घासा किंवा नवीन आणा. दुसरं कारण गंज. कूलंट बदललेलं नसलं की पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यात पांढरी भुकटी तयार होते, बोल्ट जखडतो आणि सोडतानाच आटे घेऊन बाहेर येतो. तिसरं कारण वंगण. मॅन्युअलमधला टॉर्क बहुधा कोरड्या आट्यांसाठी असतो. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (बोल्ट जखडू न देणारा लेप) लावून तोच टॉर्क दिला तर बोल्टवरचा ताण बराच वाढतो. तेव्हा आकडा पाव हिश्श्याने कमी करा.

आता उपाय निवडणं. पहिलेच दोन आटे चेपलेले असतील, बाकी चांगले असतील, तर थ्रेड चेझर फिरवा. टॅप नको. टॅप आटे कापण्यासाठी बनलेला असतो आणि किंचित तिरका शिरला तर चांगल्या आट्यांचाही धातू नेतो. चेझर चेपलेला धातू मागे ढकलतो. आटे खरोखर गेले असतील तर तारेची कॉइल. ती ५/१६ साठी बाहेरून साधारण साडेनऊ मिमी होते, म्हणून भोकाभोवती धातू कमी लागतो. स्टेनलेस तारेचा आटा मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यापेक्षा मजबूत असतो, कारण हेडमध्ये बसणारा बाहेरचा आटा मोठ्या व्यासाचा असतो आणि ताण जास्त धातूवर वाटला जातो. बरेच जण कॉइलला तात्पुरती मलमपट्टी समजतात. ते खरं नाही. विमानांच्या इंजिनांत ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या नव्या भागांतही अशा कॉइल पहिल्यापासून घातलेल्या असतात.

भरीव बुश, म्हणजे टाइमसर्टसारखा, कॉइलपेक्षा एका बाबतीत सरस आहे. तो सबंध नळी असतो. वरच्या कडेला छोटी कॉलर असल्याने तो खाली सरकत नाही आणि खालचे आटे बसवताना फुगून धातूत घट्ट होतात. वारंवार उघडाव्या लागणाऱ्या जागी, स्पार्क प्लगला, ऑइल ड्रेनला आणि पाण्याच्या जागी मी बुशच सांगेन. कीनसर्ट प्रकारचा जाड बुश वरून ठोकायच्या खिळ्यांनी जखडतो. त्याला भोवती भरपूर धातू लागतो, म्हणून तो ब्लॉकवर आणि जड ब्रॅकेटवर शोभतो, बारीक हेडवर नाही.

जाड बोल्ट घालायचा तर ५/१६ वरून ३/८ ला जावं लागतं. मग झाकणाचं भोकही मोठं करावं लागतं, बोल्टचं डोकं फ्लँजच्या कडेला अडतं आणि पुढे पुन्हा आटे गेले तर दुरुस्तीला धातूच उरत नाही. खालून ३/८ आणि वरून ५/१६ असा स्टेप स्टड लेथवर करून घेणं हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग. एपॉक्सीत पाडलेले आटे टॅपेट कव्हर किंवा टायमिंगच्या पत्र्याच्या झाकणापुरते ठीक. गरम पाणी, दाब आणि कायमचा ताण असलेल्या जागी ते हळूहळू सरकतात. टिग वेल्डिंगने भोक भरून नव्याने पाडणं उत्तम, पण हेड उतरवलेलं असेल तरच. वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं जुनं ओतीव ॲल्युमिनियम वेल्ड करताना बुडबुडे धरतं, आणि नंतर हेडचा पृष्ठभाग सपाट करून घ्यावा लागतो.

आता प्रत्यक्ष काम. कूलंट काढा. पाण्याच्या तोंडात चिंधीचा बोळा घाला आणि तिचं टोक बाहेर ठेवा, नाहीतर ती आतच राहील. भोक बंद आहे की आरपार ते ठरवा. बंद असेल तर खोली मोजून ठेवा, कारण या भागात भोकाच्या तळाशी पाण्याचा कप्पा काही मिलिमीटरवरच असतो.

ड्रिलचं माप किटवर लिहिलेलं असतं, तेच घ्या. साधारण कल्पना म्हणून: एम६ ला ६.३ मिमी, एम८ ला ८.३ ते ८.४, ५/१६ ला २१/६४ इंच म्हणजे ८.३३ मिमी. मूळ बोल्ट ७.९४ मिमीचा आहे, म्हणजे हे ड्रिल उरलेले आटे साफ करण्यापलीकडे फारसं काही कापत नाही. त्यातच धोका आहे. कापायला धातू थोडा असला की ड्रिलची धार उरलेल्या आट्यांत स्क्रूसारखी अडकते आणि ड्रिल स्वतःच खाली खेचलं जातं. हातातलं मशीन सावरायच्या आत ते तळ फोडतं. उपाय दोन. ड्रिलच्या कापणाऱ्या धारेचा पुढचा कोन ऑइलस्टोनने किंचित मोडा, म्हणजे ती खोदण्याऐवजी खरवडते. आणि खोलीसाठी ड्रिलवर कॉलर बसवा. टेप गुंडाळली तर ती खेचताना वर सरकते, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

सरळपणा हा या कामाचा जीव आहे. गाडीवरच्या हेडला पिलर ड्रिल (खांबावरचं उभं ड्रिल मशीन) लावता येत नाही, म्हणून जिग (ड्रिलला सरळ वाट देणारा तुकडा) करा. १५ ते २० मिमी जाड पोलादाचा तुकडा घ्या. त्यात पिलर ड्रिलवर ८.३३ मिमीचं एक सरळ भोक पाडा आणि शेजारच्या चांगल्या आट्यासाठी एक बोल्टचं भोक. हा तुकडा चांगल्या भोकात बोल्ट घालून हेडवर घट्ट बसवा. दोन भोकांमधलं अंतर झाकणावरून घ्या, पॅकिंगवरून नाही, कारण पॅकिंगची भोकं सैल असतात. जिग बसवल्यावर ड्रिलची मागची बाजू, म्हणजे गुळगुळीत दांडा, त्यातून भोकात घालून बघा. तो जुन्या भोकाच्या मध्यावर आला पाहिजे. जुनं भोकच बोल्ट तिरका घुसवल्याने वाकडं झालं असेल तर मोकळं ड्रिल त्याच वाकड्या वाटेने जाईल, जिग मात्र त्याला सरळ ठेवते. त्यासाठी ड्रिलच्या आधी तेवढ्याच मापाचं एंड मिल (सपाट टोकाचं कापणारं हत्यार) फिरवता आलं तर आणखी चांगलं.

वेग कमी ठेवा. ॲल्युमिनियमला रॉकेल लावा, त्याने कीस धारेला चिकटत नाही. बिडाला कोरडंच ड्रिल करा. त्याची पूड पडते आणि तेल घातलं तर तिचा लगदा होतो. दोन-तीन मिमी गेलं की बाहेर काढा, कीस झटका. ड्रिल झाल्यावर भोकाची कड ९० अंशांच्या काउंटरसिंकने किंचित उतरवा, अर्ध्या आट्याइतकी. त्यामुळे टॅप सरळ बसतो आणि पुढे आवळताना आट्याची कड वर उचलली जात नाही.

टॅप किटमधलाच वापरा. तो दिसायला साध्या टॅपसारखा असतो, पण पिच तोच आणि व्यास मोठा. जिगचं भोक टॅपच्या मापाने दुसऱ्या तुकड्यात पाडून घेतलंत तर टॅपही सरळच जाईल. नाहीतर छोटा गुण्या समोरून आणि बाजूने धरून प्रत्येक वेढ्याला तपासा. तीन वेढे शिरल्यावर सरळ करायला गेलात तर भोक सैल होतं, तेव्हा चूक पहिल्या वेढ्यातच सुधारा. अर्धा वेढा पुढे, पाव मागे. बंद भोकात तीन-चार वेढ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून साफ करा. ज्या टॅपचं टोक कीस पुढे ढकलतं, तो बंद भोकात वापरू नका. तळाशी कीस दाबला जाऊन टॅप मोडतो, आणि ॲल्युमिनियममध्ये मोडलेला टॅप काढणं हे आटे दुरुस्त करण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे. टॅपला जोर लागायला लागला तर थांबा, काढा, साफ करा. जोर लावून पुढे जाऊ नका.

मग भोक ब्रेक क्लीनरने धुवा, हवेने फुंका, डोळ्यांवर चष्मा ठेवा. कापसाची काडी फिरवून ती स्वच्छ येईपर्यंत धुवा. आत राहिलेला एक कीस कॉइलखाली सापडला तर कॉइल फुगते आणि बोल्ट मध्येच अडतो.

कॉइलची लांबी दीडपट व्यासाची घ्या, खोली असेल तर दुप्पट. मोकळ्या अवस्थेत ती भोकापेक्षा जाड दिसते, ते बरोबर आहे. त्या ताणामुळेच ती आत धरून राहते. हत्याराच्या खाचेत तिची आडवी शेपटी बसवा आणि फक्त फिरवा, खाली अजिबात दाबू नका. दाबलंत तर एक वेढा आटा सोडून पुढच्या आट्यात उडी मारतो. कॉइल आत गेलेली दिसते, पण बोल्ट तिसऱ्या वेढ्यावर अडतो. तसं झालं तर ती अरुंद नाकाच्या पक्कडने वरचं टोक धरून आतल्या बाजूला वळवत काढा आणि नवीन घाला. तीच पुन्हा वापरायची नाही.

वरचं टोक पृष्ठभागाच्या खाली पाव ते अर्धा आटा थांबलं पाहिजे. वर राहिलं तर ते पॅकिंगमध्ये घुसतं आणि बोल्ट काढताना कॉइलही त्याच्याबरोबर निघून येते. शेपटी मोडायला तिच्यावर बोथट पंच ठेवून हातोडीचा एकच ठोका द्या. ती खाचेवर तुटते. तुटलेला तुकडा चुंबकाला नीट लागत नाही, कारण तार स्टेनलेसची आहे. तो ग्रीस लावलेल्या तारेने किंवा चिमट्याने काढा आणि हातात आला याची खात्री करा. बंद भोकात बोल्ट तिथपर्यंत पोचत नसेल तर शेपटी तशीच राहू दिली तरी चालते.

भोक पाण्याच्या कप्प्यात उघडत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: कॉइल पाणी अडवत नाही. तारेच्या मागून नागमोडी वाट राहतेच. अशा जागी कॉइल बसवताना तिच्या बाहेरच्या आट्यांना जास्त ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे जखडून धरणारा चिकटद्रव) लावा, रात्रभर सुकू द्या आणि बोल्टच्या आट्यांना न कडक होणारं थ्रेड सीलंट लावा. लॉकर आतल्या आट्यांवर येऊ देऊ नका.

इतर जागांबद्दल थोडं, कारण हाच प्रश्न तिथेही येतो.

स्पार्क प्लगचा आटा बहुतेक १४ मिमी, पिच १.२५, आणि लांबी १२.७ किंवा १९ मिमी. हेडच्या आट्याची लांबी जेवढी, तेवढ्याच लांबीचा बुश घ्या. आखूड घातला तर मूळ आट्यांत कार्बन बसतो. लांब घातला तर ज्वलनकक्षात उघडी राहिलेली कड लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. शक्य असेल तर हेड उतरवूनच हे काम करा. नाइलाजाने गाडीवर करायचं तर पिस्टन खाली ठेवा, टॅपच्या खाचा जाड ग्रीसने भरा, प्रत्येक वेढ्याला पुसा. शेवटी बारीक नळीच्या व्हॅक्यूमने सिलिंडर साफ करा आणि प्लग न लावता इंजिन स्टार्टरने फिरवा. बसकणीला वॉशर असलेल्या १४ मिमी प्लगला ॲल्युमिनियममध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात.

हेड स्टड ओढले गेले की ब्लॉकच्या पृष्ठभागावर भोकाभोवती धातूची कड वर उचलली जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण सरळपट्टी ठेवली की कळते. तिच्यावर हेड बसवलं तर गॅस्केट त्याच जागी गळतं. प्रत्येक भोकाला काउंटरसिंक मारा. आणि बंद भोकात तेल किंवा पाणी राहू देऊ नका. स्टड आत जाताना ते दाबलं जातं आणि बिडाचा ब्लॉक चिरतो.

एअर-कूल्ड बीटल आणि जुन्या पोर्श ९११ च्या काही इंजिनांचे क्रँककेस मॅग्नेशियम मिश्रधातूचे आहेत. त्यात स्टड ओढले जाणं हा ठरलेला आजार आहे आणि त्याला जाड बाहेरच्या आट्याचे पोलादी बुश हाच उपाय. पण मॅग्नेशियमचा बारीक कीस पेट घेतो आणि पाणी टाकलं तर आग भडकते. ड्रिल धारदार हवं, वेग कमी, कीस साचू द्यायचा नाही, जवळ कोरडी वाळू हवी.

ऑइल ड्रेनला स्वतः आटे पाडत जाणारा मोठा प्लग लावू नका. तो हमखास तिरका शिरतो, कीस संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) टाकतो आणि वॉशर एकाच बाजूला दाबतो. संप उतरवून कॉलरवाला बुश बसवा.

आणि काही जागा दुरुस्तीच्या नाहीतच. ब्रेक कॅलिपर धरणारं भोक, स्टिअरिंग आर्म, सस्पेन्शनचा पिव्होट, इथे तो भाग बदला. व्हील स्टडचे आटे गेले तर स्टड दाबून काढून नवीन घाला. सीट बेल्टचा अँकर बहुतेक ७/१६ यूएनएफ, २० आट्यांचा असतो आणि त्याचा नट पत्र्याला वेल्ड केलेला असतो. त्याचे आटे गेले असतील तर मागे पोलादी पट्टीसह नवीन नट वेल्ड करून घ्या. पातळ नटात कॉइलला धरायला लांबीच नसते.

पुन्हा तुमच्या झाकणाकडे. कॉइल बसल्यावर मी तिथे बोल्टऐवजी स्टड लावायला सांगेन, आणि उरलेल्या दोन भोकांतही. स्टड एकदा हलक्या हाताने तळाला लावून सोडला की पुढची झीज नट आणि स्टडमध्ये होते, हेडच्या आट्यांना कोणी हात लावत नाही. नट पितळेचे घातले तर ते जखडत नाहीत. तळाला टेकल्यावर स्टड पान्याने आवळू नका, बोटांनीच बसवा आणि मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरने धरून ठेवा. बोल्टच ठेवायचे असतील तर तिन्ही नवीन, एकाच लांबीचे, प्रत्येकाखाली सपाट वॉशर.

झाकणाचं नवीन पॅकिंग लावा, तिन्ही नट बोटांनी टेकवा, मग आलटून पालटून तीन फेऱ्यांत आवळा. अशा झाकणाला १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा. अर्धा इंची ड्राइव्हचा मोठा टॉर्क रेंच इतक्या कमी आकड्याला भरवशाचा नसतो, पाव इंचीचा घ्या. तोही नसेल तर आखूड पाना बोटांच्या टोकांनी धरा, मुठीने नाही. इंजिन एकदा पूर्ण गरम करून पूर्ण थंड होऊ द्या, मग कागदाचं पॅकिंग बसल्यामुळे सैल झालेले नट त्याच टॉर्कला एकदा तपासा. झाकणाच्या कडेला पांढरा किंवा हिरवट ओलसर डाग दिसला तर अजून आवळू नका. झाकण काढून काचेवर पुन्हा घासून बघा.